अंगणातली शेकोटी आणि डास: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोजागरीचं दूध, दिवाळीच्या सुट्टीत जमलेली भावंडं, डिसेंबरातला हुरडा, जानेवारीत भाजलेल्या शेंगा. नाशिकला अंगणात शेकोटी पेटवायला निमित्त शोधावं लागत नाही. आमच्याकडे मखमलाबादच्या बाजूला छोटं अंगण आहे आणि थंडीत दर पंधरा दिवसांनी तिथे कुणी ना कुणी जमतं. तीन वर्षांपूर्वी कोजागरीनंतर आठवड्याभरात माझा पुतण्या डेंग्यूनं आजारी पडला. तो डास आमच्या अंगणातला होता की बाहेरचा, हे कधीच कळणार नाही. पण त्या दिवशी मी अंगण नीट तपासलं, तेव्हा जास्वंदीच्या कुंडीखालच्या बशीत अळ्या वळवळत होत्या. तेव्हापासून शेकोटीला येणारा प्रत्येक जण मला डासांबद्दल विचारतो. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

शेकोटीचा एवढा धूर असतो, तरी डास चावतात कसे?

कारण धूर वर जातो आणि डास खालून येतात. आग पेटली की तिच्यावरची गरम हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला चहूबाजूंनी, जमिनीलगत गार हवा आत ओढली जाते. म्हणजे तुमच्या पाठीकडून, पायांजवळून स्वच्छ हवा सतत आगीकडे येत असते. डासांना तोच रस्ता मोकळा सापडतो. शेकोटीवरून उठल्यावर बघा, चावे घोट्यांवर, पोटऱ्यांवर आणि कंबरेच्या मागे असतात. तोंडावर फारसे नसतात.

शिवाय दहा-पंधरा माणसं एका जागी बसली की उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, घाम, अंगाची ऊब हे सगळं एकवटतं. चावते ती फक्त मादी. अंडी घालायला तिला रक्त लागतं आणि माणसाचा माग ती याच खुणांवरून काढते. कार्बन डायऑक्साइडचा सुगावा तिला कित्येक मीटरवरून लागतो. दाट धुरात डास कमी येतात हे खरं. पण इतक्या दाट धुरात माणसालाही बसवत नाही. चांगली, कोरड्या लाकडांची शेकोटी धूर कमीच करते आणि तशीच ती असावी.

नाशिकला कोणत्या महिन्यांत जास्त सांभाळावं?

शेकोटी म्हटलं की आपल्याला कडाक्याची थंडी आठवते, पण डासांचा त्रास त्या थंडीत नसतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास किंवा खाली गेला की डास मंदावतात. निफाडकडे तर काही वर्षी पारा ५ अंशांच्या जवळ जातो आणि द्राक्षबागायतदार बाग वाचवायला रात्रभर ओळींमध्ये शेकोट्या पेटवून बसतात. अशा रात्री डासांची काळजी नसते.

खरा धोक्याचा काळ म्हणजे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. परतीचा पाऊस पडून गेलेला असतो, जागोजागी पाणी साठलेलं असतं, दुपारी चांगलं ऊन पडतं आणि नेमक्या त्याच वेळी कोजागरी आणि दिवाळी येते. दुसरा काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून होळीपर्यंत. तेव्हा नदी-नाल्यांची धार आटते, गटारांतलं पाणी हलत नाही आणि रात्री चावणारे डास एकदम वाढतात.

डिसेंबरातही एक सापळा आहे. दिवसा ऊन असतं, संध्याकाळ उबदार असते आणि थंडी आठ-साडेआठनंतर उतरते. सहा ते आठ या वेळात अंगणात बसलात तर भर थंडीच्या दिवसांतही डास चावतात. आम्ही मुलांचं खाणं आत उरकतो आणि शेकोटी साडेआठला पेटवतो. एवढ्या एका बदलानं पुष्कळ फरक पडला.

आमच्या घराजवळ नाला नाही, नदी नाही. मग डास येतात कुठून?

बहुतेक वेळा तुमच्याच घरातून, नाही तर शेजारच्या बांधकामावरून.

डास एकाच जातीचे नसतात. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस इजिप्ती, पायांवर पांढरे पट्टे असलेला, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो: पिंप, कूलर, कुंडीची बशी, फ्रिजमागचा ट्रे, नारळाची करवंटी, गच्चीवर टाकलेलं टायर. तो फार लांब उडत नाही, साधारण शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणून तो तुम्हाला चावला तर तो तुमच्याच गल्लीत जन्मलेला आहे असं धरून चाला. तो चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधीच्या दोन-तीन तासांत. अंधार पडल्यावरही दिव्याच्या उजेडात तो चावू शकतो.

रात्री कानाशी गुणगुणणारा असतो तो बहुतेक क्युलेक्स. त्याला घाण पाणी हवं असतं: गटार, शोषखड्डा, सेप्टिक टँकचं फुटलेलं झाकण. तो मात्र किलोमीटरभर लांबूनही येतो. नासर्डी आणि वाघाडीच्या काठावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. गोदावरीत पाणवेली दाटल्या की काठच्या वस्तीत डास वाढतात, कारण पाणवेलीखाली पाणी शांत राहतं, अळ्यांना आडोसा मिळतो आणि त्यांना खाणारे मासे तिथवर पोचत नाहीत. पाणवेलीच्या मुळांना चिकटून वाढणारी मॅन्सोनिया नावाची डासांची वेगळी जातच आहे.

सध्या कुंभाच्या तयारीत शहरभर खोदकामं चालू आहेत. तुमच्या गल्लीत बांधकाम असेल तर तिथली क्युरिंगच्या, म्हणजे नव्या सिमेंटवर मारायच्या पाण्याची टाकी एकदा बघून या आणि तिथल्या दादांशी बोला. आमच्या शेजारच्या मुकादमानं नुसत्या सांगण्यावरून टाकी झाकायला सुरुवात केली.

शेकोटीची तयारी किती दिवस आधी करावी?

आठ दिवस. माझ्या मते या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हेच आहे. बाकी सगळे उपाय त्या रात्रीपुरते आहेत.

अंड्यापासून उडणारा डास व्हायला ऑक्टोबरच्या हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. शेकोटीच्या आठवडाभर आधी अंगणातलं, गच्चीतलं साठलेलं पाणी ओतून टाकलंत, तर त्या रात्री चावायला येणारी एक अख्खी पिढी जन्मालाच येत नाही. आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा असं सांगतं त्यामागचं गणित हेच आहे.

पण नुसतं ओतून भागत नाही. एडिसची अंडी पाण्यावर तरंगत नाहीत. ती भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून पिंप, बादली, कूलरची टाकी काथ्यानं किंवा ब्रशनं आतून घासायची, उन्हात पालथी घालायची आणि मगच पुन्हा भरायची.

आमच्याकडे मी रविवारी सकाळी फिरते तो क्रम असा: गच्चीवरच्या टाकीचं झाकण, टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपला बांधलेलं जुनं सुती कापड, पत्र्याची पन्हळ, कुंड्यांच्या बश्या, पाखरांसाठी ठेवलेलं पाण्याचं मातीचं भांडं, मोरीबाहेरचा नळ ठिबकतो तिथला खळगा, आणि सासूबाईंनी ‘कधीतरी लागतील’ म्हणून जपून ठेवलेले रिकामे डबे. पाखरांचं पाणी बंद करायची गरज नाही, ते रोज बदललं की झालं. हे सगळं पंचवीस मिनिटांत होतं.

ओतता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा. महापालिकेच्या मलेरिया विभागाकडे त्यासाठी विचारणा करा. फक्त हे मासे बंद हौदातच सोडा, नदीत किंवा ओढ्यात नको. तिथे ते मूळच्या माशांच्या जिवावर उठतात.

शेकोटीच्या जागेतच डास होतात, हे खरं आहे का?

होतात, आणि हे कुणाच्याच लक्षात येत नाही. आपण शेकोटी पेटवतो ती लोखंडी कढई, जुनं घमेलं, अर्धा कापलेला ड्रम किंवा विटांचा गोल खड्डा पावसाळाभर उघड्यावर पडून असतो. त्यात पाणी साठतं, पाला कुजतो. कोजागरीला आपण त्यातलं पाणी ओततो आणि जाळ करतो, पण तोवर त्यातले डास बाहेर पडून झाडीत बसलेले असतात. घमेलं पावसाळ्यात पालथं ठेवा. ड्रमच्या तळाला चार-पाच भोकं पाडून घ्या. बांधीव खड्डा असेल तर तळाला मुरूम आणि खडी भरा, म्हणजे पाणी मुरतं.

कडुलिंबाचा पाला, गोवऱ्या, धूप, कापूर यांनी फायदा होतो का?

थोडा होतो, थोडा वेळ होतो. कडुलिंबाच्या धुरानं डास काही काळ लांब राहतात हा आपल्या आजी-आजोबांचा अनुभव खोटा नाही. गोठ्यात संध्याकाळी धुरी करायची पद्धत त्यातूनच आली. पण गोठा तीन बाजूंनी बंद असतो, धूर तिथे कोंडून राहतो. उघड्या अंगणात वाऱ्याची दिशा फिरली की धूर गेला आणि डास परत आले.

मी मूठभर पाला टाकते, पण कधी? माणसं बसायच्या अर्धा तास आधी. झुडपांत, खुर्च्यांखाली लपलेले डास त्यानं हलतात. सगळे बसल्यावर ओला पाला टाकत राहिलं की आत्यांचा दमा उठतो आणि लहान मुलं डोळे चोळत आत पळतात. लाकडाचा आणि पाल्याचा धूर नैसर्गिक असला तरी फुप्फुसाला त्याचं कौतुक नाही.

कापराचा वास सुटतो तोवर जरासा उपयोग होतो. मात्र कापराची वडी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेला तर तो विषारी आहे, थोडासाही.

शेकोटीत काय अजिबात टाकू नये?

कण्हेर. बंगल्यांच्या कुंपणाला ती सर्रास असते आणि छाटलेल्या फांद्या आयत्या मिळतात. तिचा सगळा भाग विषारी आहे आणि धूरही घातक आहे. कण्हेरीच्या काडीला कणीस टोचून भाजणं तर फारच वाईट.

प्लास्टिक, टायर, रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड नको. उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी आहे आणि राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ साली त्यासाठी ५,००० रुपये दंड ठरवून दिला आहे.

ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात आणि त्या पटकन पेटतात. त्यांच्यावर हंगामभर बुरशीनाशकं फवारलेली असतात, म्हणून ज्या जाळावर काही भाजून खायचं आहे तिथे मी त्या वापरत नाही. बाभूळ, आंबा, सुकलेली लाकडं आणि गोवऱ्या पुरेशा आहेत.

आणि पेटवण्यापूर्वी मान वर करून झाड बघा. आग्या मोहोळ असेल तर त्या झाडाखाली किंवा जवळपास धूर करायचाच नाही. धुरानं माश्या खवळल्या तर डासांचे चावे परवडले म्हणायची वेळ येते, आणि त्या हल्ल्यात माणसं दगावतात.

बाहेर पंखा लावून उपयोग होतो का?

होतो, आणि चांगलाच. डास उडायला दुबळा असतो, साध्या पंख्याच्या झोतातही त्याला नीट उडता येत नाही. शिवाय वाऱ्यानं आपल्या उच्छ्वासाचा माग विस्कटतो. ऑक्टोबरात आणि होळीच्या सुमारास, जेव्हा थंडी बेताची असते, तेव्हा स्टँडचा पंखा हा मला अंगणातला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो.

तो लावायचा कसा, हे मात्र जपून. झोत आगीवर जाता कामा नये, ठिणग्या समोरच्यांच्या अंगावर उडतात. खुर्च्यांच्या रांगेला समांतर, एका टोकाला, शक्य तितका खाली, पोटऱ्यांच्या उंचीवर ठेवा आणि वेग कमी ठेवा. वायर पायात येणार नाही अशी भिंतीकडेनं घ्या.

अंगाला काय लावावं?

ट्यूब किंवा स्प्रे घेताना जाहिरात वाचू नका, मागचे घटक वाचा. डीट, पिकारिडिन, आयआर ३५३५ आणि लिंबाच्या वासाच्या निलगिरीच्या तेलापासून मिळणारं पीएमडी, यांच्यावर भरपूर अभ्यास झालेला आहे. टक्केवारी वाढते तसा परिणाम जास्त वेळ टिकतो. १० टक्के डीट साधारण दोन तास काम देतं, २० ते ३० टक्के त्याहून बराच वेळ. संध्याकाळच्या बैठकीला यापेक्षा जास्त लागत नाही.

सिट्रोनेलाचं तेल काम करतं, पण लवकर उडून जातं. पुन्हा पुन्हा लावायची तयारी असेल तर ठीक. मोहरीचं किंवा खोबरेल तेल नुसतं लावून फारसं काही साधत नाही.

लावताना घोटे, पायांची बोटं, कोपरांची मागची बाजू, मान आणि साडीत उघडी राहणारी कंबर विसरू नका. स्प्रे आगीपासून लांब, घरात किंवा दारात मारा. त्यात अल्कोहोल असतं आणि डब्यातला वायूही पेट घेतो. मारल्यावर तो सुकू द्या आणि मग आगीजवळ जा. डीटनं चष्म्याची प्लास्टिकची फ्रेम आणि काही कृत्रिम कापडं खराब होतात, तेवढं सांभाळा. झोपण्यापूर्वी साबणानं धुऊन टाका.

खरं तर पायमोजे आणि सैल, फिकट, पूर्ण बाह्यांचे कपडे हे निम्मं काम करतात. घट्ट लेगिंगमधून डास सहज चावतो. काळा आणि लाल रंग एडिसला लवकर दिसतो.

तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर?

दोन महिन्यांखालच्या बाळाला काहीही लावू नये. त्याला मच्छरदाणीत घरातच ठेवावं, धुरासाठीही तेच बरं. तीन वर्षांखालच्या मुलांना पीएमडी नको. मोठ्या मुलांना लावताना आधी आपल्या हातावर घेऊन मग त्यांना चोळा. डोळे, तोंड आणि त्यांचे तळहात वगळा, कारण ते हात थेट तोंडात जातात.

गरोदरपणी अंगाची ऊब आणि उच्छ्वास वाढतो, त्यामुळे डास जास्त आकर्षित होतात. वहिनी, ताई कुणी दिवसांत असतील तर त्यांना पंख्याच्या झोतात बसवा, आणि काय लावायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

कॉइल किंवा डासांच्या अगरबत्त्या खुर्चीखाली लावाव्यात का?

उघड्यावर कॉइलचा परिणाम हात-दोन हातांपुरता असतो आणि तिचा धूर साधा नसतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण वजनानं ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. शेकोटीच्या धुरात ही भर कशाला? अगदी लावायचीच तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, मुलांपासून लांब लावा.

‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त अगरबत्त्यांत पाकिटावर न लिहिलेलं कीटकनाशक असतं. केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक नसलेलं पाकीट घरात आणू नका. भिंतीत लावायची लिक्विडची मशीनं बंद खोलीसाठी आहेत, अंगणात त्यांचा उपयोग नाही.

बॅट, निळा दिवा, मोबाइलमधलं आवाजाचं अ‍ॅप?

बॅट समोर आलेला डास मारते, तेवढंच. निळ्या दिव्यात पतंग आणि भुंगे मरतात, डास फारच थोडे, कारण डास उजेडापेक्षा माणसाच्या वासावर येतो. आवाजाच्या अ‍ॅपनं काहीही होत नाही.

तुळस, गवती चहा, झेंडू लावले तर डास येत नाहीत ना?

रोप नुसतं उभं असताना त्याचा वास एवढा पसरत नाही. पानं चुरडून अंगाला चोळली तर थोडा वेळ फरक पडतो. रोपं जरूर लावा, पण दहा कुंड्या म्हणजे दहा बश्या, हे ध्यानात ठेवा. मी आता बश्यांत वाळू भरते. पाणी वाळूत राहतं आणि वर साठत नाही.

शेतावर हुरडा पार्टी आहे, शेजारी शेततळं आहे. काय करावं?

मोकळ्या, वाऱ्यानं हलणाऱ्या तळ्यात अळ्या कमी असतात. त्या असतात काठच्या गवतात आणि शेवाळात. काठ स्वच्छ असला, तळ्यात मासे असले की बरंच निभावतं. जास्त लक्ष द्या ते ठिबकच्या टाकीकडे, औषध फवारणीच्या उघड्या ड्रमकडे आणि गुरांच्या हौदाकडे.

बैठक उसापासून आणि दाट बागेपासून लांब, उंचवट्यावर, वारा लागेल अशा खळ्यावर मांडा. दिवसा डास दाट सावलीत दडून बसतात. सतरंजीपेक्षा बाजा बऱ्या, फक्त बाजेखालून चावे बसू नयेत म्हणून वर जाड गोधडी टाका. आणि हुरडा खरा सकाळचा गोड. सकाळी नऊनंतर आगटी पेटवलीत तर रात्रीच्या डासांचा प्रश्नच उरत नाही, फक्त पायमोजे काढू नका.

महापालिकेला सांगून आदल्या दिवशी धुराळणी करून घ्यावी का?

धुराळणीनं त्या वेळी उडत असलेले डास मरतात. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि दोन-चार दिवसांत नवे डास येतात. गल्लीत डेंग्यूचा रुग्ण असेल तर ती गरजेची आहे, तेव्हा विभागीय कार्यालयात अवश्य कळवा. आपल्या पार्टीसाठी मात्र नको. त्याऐवजी तुंबलेल्या गटाराची तक्रार द्या. तिचा फायदा महिनाभर टिकतो आणि शेजाऱ्यांनाही होतो.

सगळ्यांत मलाच का चावतात?

त्वचेवरचे जिवाणू आणि त्यांच्यामुळे येणारा वास प्रत्येकाचा निराळा असतो. धिप्पाड माणूस, नुकताच घाम आलेला माणूस, गरोदर स्त्री यांच्याकडे डास जास्त वळतात. लसूण खाल्ल्यानं ते लांब राहत नाहीत.

शेकोटीनंतर काही दिवसांनी ताप आला तर?

डेंग्यूचा ताप चावल्यानंतर साधारण ४ ते १० दिवसांनी येतो. अचानक चढलेला ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, सांधे आणि अंग मोडून येणं, पुरळ, यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा आणि रक्त तपासून घ्या. पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-वन चाचणीत तो कळतो. तापाला पॅरासिटामॉल चालतं, पण अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

एक गोष्ट आम्ही पुतण्याच्या वेळी शिकलो: ताप उतरला म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं. ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच सर्वांत जोखमीचे असतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, गळून जाणं, यांपैकी एकही लक्षण दिसलं तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या. आणि रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा, नाहीतर त्याला चावलेला डास घरातल्या दुसऱ्याला चावतो.

शेकोटी विझवताना काही काळजी घ्यायची का?

निखारे पसरवा, पाणी शिंपडा, काठीनं हलवा, पुन्हा शिंपडा. राखेवर हात धरून ऊब लागत नाही ना ते बघा. सकाळी गार झालेली राख झाडांना घाला आणि घमेलं पालथं करा. आग आटोक्यात ठेवायला जवळ भरून ठेवलेली पाण्याची बादली मात्र हमखास तिथेच भिंतीशी राहून जाते. आत जाताना तीही उपडी करा.